मधलं कडं

गेल्या जूनमधली गोष्ट. सकाळी दुधाची पिशवी काढायला फ्रीज उघडला, तर खालच्या कप्प्यात केळीच्या दोन फण्या काळ्या ठिक्कर पडलेल्या. आप्पांनी भावाच्या हाती चोपड्याहून पाठवलेली केळी. नाशिकला पोचली तेव्हा नुकती कुठे हिरव्यावरून पिवळ्यावर येत होती, अजून दोन दिवस टोपलीत राहिली असती तर घर वासानं भरलं असतं. पण पोरानं शहाणपणा केला. उकाडा आहे, खराब होतील, म्हणून आणल्याबरोबर फ्रीजमध्ये सारली. मी एक केळ सोललं. साल शाईत बुडवून काढल्यासारखी, आणि आतला गर पांढरा, कच्चट, दाताला चिकटणारा. म्हणजे धड पिकलं नाही आणि धड सडलंही नाही. पोरगा मागून डोकावला, ‘‘सडली का गं?’’ ‘‘सडली नाहीत. गारठ्यानं भाजलीत,’’ मी बोलून गेले. बोलले आणि दार तसंच उघडं धरून उभी राहिले. वरच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे होता. त्याच्याकडे बघता बघता मला वहिनीचा हात आठवला आणि पोटात खड्डा पडला.

त्याच्या महिनाभर आधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तरी आखाजी चुकवली की फोनवर मायचा आवाज दोन दिवस बारीक येतो. अंगणातल्या लिंबाखाली चूल मांडलेली, तिच्यावर खापर पालथं घातलेलं, खाली तुराट्यांचा जाळ. ओट्यावर पितरांची घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर आणि आंबा. आतून रसाचा वास, बाहेर धूर, आणि मधल्या दारात उभं राहिलं की पुरणातल्या वेलचीचा वास. वहिनीच्या मांड्यांचं गावात नाव आहे. कणकेच्या उंड्यात पुरण भरून ती तो तळव्यांवर घेते आणि नाचवत नाचवत कोपरापर्यंत आणते. दोन्ही हातांवर तो मांडा असा लोंबतो की त्याच्यातून पलीकडची बांगडी दिसावी. मग एक गिरकी, आणि तो खापरावर. मी लहानपणापासून बघत आले, पण मला एकदाही जमलं नाही. माझा मांडा दर वेळी नकाशा होतो, तोही फाटका.

त्या दिवशी चौदावा की पंधरावा मांडा तिच्या हातावर होता आणि वावटळ आली. दुपारी शेताकडून येते तशीच, पाचोळा फिरवत. चुलीतला जाळ तिच्या अंगावर वळला, ती मागे सरली, मांडा मधोमध फाटला. सोडून द्यायचा की नाही? पण तेवढं पुरण वाया जाणार म्हणून ती सावरायला पुढे वाकली आणि डाव्या हाताची आतली बाजू, मनगटाच्या वरची, खापरावर टेकली. नुसती टेकली असती तर एक वेळ ठीक. मध्ये पुरण होतं. गरम पुरण गुळाच्या पाकासारखं धरून ठेवतं, सुटता सुटत नाही. वहिनी ओरडली नाही. ‘स्स’ असा एक आवाज आला आणि तो तिचा होता की खापराचा, मला आजही सांगता येणार नाही. माय ओरडली, ‘‘हात भाजी गया ना व!’’ शेजारच्या काकू पळत जाऊन टूथपेस्ट घेऊन आल्या. मी त्यांना अडवलं. ‘‘काकू, टूथपेस्ट नाही लावायची, आत उष्णता कोंडते.’’ माझ्या आवाजात वर्गातला सूर होता. मग मीच धावत आत गेले, बर्फाचा ट्रे आणला, ओढणीत गुंडाळला आणि… नाही, गुंडाळला नाही. हे मला नीट आठवतंय. घाईत ओट्यावर ट्रे आपटला आणि हाताला आले ते खडे तसेच तिच्या हातावर दाबून धरले. पाच मिनिटं, कदाचित दहा. तिचा हात बधिर झाला. ‘‘आते बरं वाटस, ताई,’’ ती म्हणाली. मला अभिमान वाटला. मग ती उठली आणि राहिलेले अकरा मांडे करून मगच जेवायला बसली.

मी नर्सिंगच्या मुलींना पॅथॉलॉजी शिकवते.

दर वर्षी पहिला धडा तोच, पेशीला इजा कशी होते आणि पेशी तिला कसं उत्तर देते. मी फळ्यावर एक गोल काढते आणि मुलींना रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ आठवायला सांगते. जिवंत पेशीच्या आवरणावर एक पंप दिवसरात्र चालू असतो, आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकत राहतो. सोडियम बाहेर राहतं म्हणून पाणीही बेतानं राहतं. या पंपाला इंधन लागतं, इंधनाला प्राणवायू लागतो. रक्त थांबलं, उष्णता वाढली, विष पोचलं, कारण काहीही असो, इंधन संपलं की पंप थकतो. मग सोडियम आत, त्याच्यामागे पाणी आत, आणि पेशी डाळीसारखी फुगते. जुन्या पॅथॉलॉजिस्टांनी याला ढगाळ सूज म्हटलं होतं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती खरोखर ढग भरून आल्यासारखी दिसते. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं, म्हणजे बिघडलेलं असतं पण परतीची वाट बंद झालेली नसते. रक्त परत आलं, प्राणवायू मिळाला की पंप पुन्हा धरतो, पाणी ओसरतं, पेशी आपल्या कामाला लागते. डाळीला मात्र ही सोय नाही, असं म्हटलं की मुली हसतात. रोग शोधायचा तर अख्ख्या देहात नको, पेशीत शोधा, हे रुडॉल्फ फिर्खोनं बर्लिनमध्ये १८५८ साली सांगितलं. त्या वाक्यापाशी मी दर वर्षी थोडी थांबते, मुली तेवढ्यात वहीत नाव लिहून घेतात.

आणि मग एक जागा येते जिच्यापुढे परतणं नाही. आवरण फाटतं, कॅल्शियमचा लोंढा आत येतो, पेशीला इंधन पुरवणारे मायटोकाँड्रिया हात टेकतात, केंद्रक आक्रसून शाईच्या ठिपक्याएवढं होतं, मग फुटतं, मग विरघळतं. दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, ‘‘मॅडम, ती रेषा नेमकी कुठे असते?’’ नेमकी ती कुणालाच आखता आलेली नाही, असं मी सांगते, आणि मग हृदयाचं उदाहरण देते. रक्त बंद झाल्यावर हृदयाच्या स्नायूची पेशी साधारण अर्ध्या तासात परतीच्या पलीकडे जाते. पण तो तुकडा त्या वेळी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तो अगदी धडधाकट दिसेल. मेल्याच्या खुणा दिसायला निदान चार तास जातात, कधी बारा. आधी मरण, मग त्याचा चेहरा. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की बोलताना माझं लक्ष खिडकीबाहेर असतं.

भाजलेल्या जागेचा नकाशा काढायचा तर तीन कडी काढावी लागतात, एकात एक. बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन नावाच्या सर्जननं गेल्या शतकाच्या मध्याला ती आखली आणि अजून पुस्तकांत तशीच छापतात. अगदी आतलं कडं मेलेलं. तिथली प्रथिनं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठलेली, त्यांचं काही करता येत नाही. सगळ्यात बाहेरचं कडं लाल, रसरसलेलं, रक्तवाहिन्या फुगलेल्या. ते आठवड्याभरात आपलं आपण निस्तरतं. आणि या दोघांच्या मध्ये एक कडं असतं ज्याचं काहीच ठरलेलं नसतं. तिथल्या पेशी जिवंत असतात पण उपाशी. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त रांगत असतं, कुठे कुठे साकळत असतं. पुढचे एक-दोन दिवस जे होईल त्यावर हे मधलं कडं इकडे यायचं की तिकडे जायचं ते ठरतं. रक्त चालू राहिलं, जखम ओलसर राहिली, जंतू शिरले नाहीत, तर ते परत येतं. वाहिन्या आक्रसल्या तर ते मेलेल्यात जमा होतं. म्हणून भाजलेली जागा पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी मोठी असू शकते. माझी आजी म्हणायची, भाजलेलं तीन दिवस आत चरत जातं. तिला जॅक्सन ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बर्फ काय करतो? वाहिन्या आक्रसवतो. जिथे रक्त जेमतेम रांगत होतं तिथे त्याची उरलीसुरली वाटही आवळून टाकतो, आणि थेट कातडीला लागलेला असेल तर स्वतःची वेगळी इजा करतो. वहिनीला बरं वाटलं ते नसा बधिर झाल्या म्हणून. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. ‘भाजलेल्या जागेवर बर्फ का लावू नये?’ हा पाच मार्कांचा प्रश्न मी स्वतः काढलेला आहे. दोनदा. आणि ज्या मुलींनी त्याचं उत्तर चुकवलं त्यांच्या पेपरवर लाल पेनानं रागानं रेघही मारलेली आहे. पण डोक्यात जे असतं ते हातात असतंच असं नाही. हातात काय होतं? लहानपणी टेंगूळ आलं की माय पदरात बर्फ धरायची, ते होतं. हात मायकडे गेला, डोकं नाशिकला राहिलं.

खरं उत्तर साधं आहे. थंड, पण बर्फाचं नव्हे, वाहतं पाणी, सुमारे वीस मिनिटं. लगेच नाही जमलं तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. त्या सकाळी फ्रीज बंद करून मी वहिनीला फोन लावला. खपली निघाली होती, खाली गुलाबी, मध्ये अजून ओलं होतं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना पाणी गेलं, मग ती जागा चिघळली, तालुक्याच्या डॉक्टरनं मलम दिलं. तीन आठवड्यांत भरली तर सहसा वण राहत नाही असं मी शिकवते. तिला पाच आठवडे होऊन गेले होते. मी चाचरत म्हणाले, वहिनी, माझं चुकलं, बर्फ नव्हता लावायचा, वीस मिनिटं पाण्याखाली हात धरायला हवा होता. पलीकडे ती हसायलाच लागली. ‘‘वीस मिनिट पानी? ताई, त्या दिनले नळले पानी येवाले आजून तीन दिन व्हतात.’’ खरंच होतं ते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे आठव्या दिवशी नळ येतो. मोरीत ड्रम, ड्रमवर झाकण, झाकणावर तांब्या, आणि त्या तांब्याचा हिशोब मायच्या डोक्यात. त्या दिवशी तीस माणसं जेवायला होती. ओळीनं मांडलेल्या हंड्यांतले दोन हंडे एका हातावर ओतून टाकायचे, हे तिथे कुणाला, मलासुद्धा, सुचलं नसतं.

ओट्यावरची घागर तेवढी काठोकाठ भरलेली होती.

भाजण्याचा हिशोब फार बारकाईनं मांडलेला आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी डुकरांच्या कातडीवर, आणि काही तयार झालेल्या माणसांच्याही, किती तापमान किती वेळ लावलं की पेशी मरतात हे मोजलं. सत्तर अंशांना एक सेकंदही लागत नाही. खापर तर त्याच्या कितीतरी पुढे, पाण्याचा शिंतोडा मारला तर गोळी होऊन नाचत पळतो. पण त्या तक्त्याचं दुसरं टोक मला जास्त लागलं. चव्वेचाळीस अंश, साधारण सहा तास. कातडीचं तापमान चव्वेचाळीसवर सहा तास टिकलं तर तीही भाजते. आणि त्या आखाजीला जळगावचा पारा म्हणे चव्वेचाळीसच होता. आमच्याकडे मेमध्ये हा आकडा कुणी बातमी म्हणून सांगत नाही. सकाळी दहानंतर बायका डोक्यावरचा पदर तोंडावर ओढतात, खिशात कांदा ठेवून माणसं शेतात जातात, दुपारी गाव असं बंद होतं की कुत्रीसुद्धा मोरीच्या ओल्यात जाऊन पडतात. त्या तक्त्याप्रमाणे सगळा खानदेश दर उन्हाळ्यात सहा तासांत भाजून निघायला हवा. निघत नाही, कारण कातडीला घाम आहे. घाम वाळतो आणि कातडी पस्तीसच्या आसपास राहते. कांद्यावर माझा विश्वास नाही, पण आप्पांच्या खिशातून तो काढायची माझी हिंमतही नाही.

मी त्या दिवशी चुलीपासून दहा हात लांब बसले होते तरी मला भोवळ आली. माय चुलीला खेटून. सवय, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण सवय पेशीलाही होते, आणि तिचा शोध गमतीनं लागला. फेरुच्चो रितोस्सा नावाचा इटालियन संशोधक फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होता. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. त्याला वाटलं, काम वाया गेलं. बघतो तर त्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे आलेले. उष्णता लागताच पेशीनं बाकीची कामं बाजूला ठेवून काही वेगळीच प्रथिनं करायला घेतली होती. एका मोठ्या नियतकालिकानं त्याचा लेख परत पाठवला, शेवटी १९६२ साली दुसरीकडे तो छापून आला. आज त्या प्रथिनांवर खोल्या भरतील एवढं लिहिलेलं आहे. त्यांचं काम लग्नघरातल्या आत्याचं. कुणाचा पदर सुटला, कुणाच्या निऱ्या विस्कटल्या, ही मागे मागे फिरून सगळ्यांना नीट करणार. उष्णतेनं उसवू लागलेल्या प्रथिनांना ती धरतात, परत घडीत बसवतात, आणि ज्यांचं काही होण्यासारखं नाही त्यांना मोडीत काढायला पाठवतात. एकदा थोडी उष्णता सोसलेली पेशी पुढची जास्त उष्णता काही काळ सोसू शकते ती यांच्यामुळे.

मायच्या तळव्यांची गोष्ट निराळी. ती तव्यावरची भाकरी बोटांनी उलटते, निखारा चिमटीत धरून चुलीत सारते. साठ वर्षं भाकरी थापून, निंदणी करून, रहाट ओढून तिथली कातडी जाड झाली आहे. घासण्याला पेशी घट्टा करून उत्तर देतात, जास्त थर, जास्त केराटिन. लहानपणी ताप आला की ती कपाळावर हात ठेवायची तेव्हा तो हात मला खरबरीत लागायचा, आणि शाळेतल्या एका बाईंचा हात मऊ होता म्हणून मी घरी येऊन रडले होते. हे मायला मी अजून सांगितलेलं नाही. पण घट्टा येतो तो जिथे घासलं जातं तिथेच. हाताची आतली बाजू, मनगटापासून कोपरापर्यंत, ती वहिनीची काय आणि मायची काय, बाळाच्या कातडीसारखीच राहते. मांडा तोलायला नेमकी तीच लागते.

चरका हा शब्द मी नाशिकला वापरला की लोकांना विस्तव आठवतो. मराठीत चरका विस्तवाचाच बसतो. आमच्या भागात तो केळीला बसतो आणि थंडीचा बसतो. जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की बागेची पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, निसवायला आलेला घड खोडातच अडकतो. आप्पा त्या रात्री झोपत नसत. बांधावर पाचोळ्याचे ढीग करून धूर घालायचा, म्हणजे बागेवर धुराचं पांघरूण राहतं, आणि विहिरीचं पाणी द्यायचं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या पाटात पाय घालून. अंगावर घोंगडी, डोळ्यांत धूर, पाय उबदार. मला तेव्हा वाटायचं आप्पा झाडांना अंघोळ घालतात. फ्रीजमधल्या फण्यांना झालं ते हेच. तेरा अंशांच्या खाली केळ्याच्या पेशींची आवरणं तूप थिजावं तशी थिजू लागतात, तडकतात, गळतात. मग आतल्या आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते. पेटीत आदळलेल्या केळ्यावर डाग पडतो तोही असाच, कप्पे फुटून. म्हणून तर कापणीवाले घड खांद्यावरून उतरवताना पोर झोपवल्यासारखा उतरवतात. त्या वेळी काहीच दिसत नाही. डाग दोन दिवसांनी दिल्लीत उमटतो.

चरका बसलेल्या झाडाचं काय करायचं हे आप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, काही नाही करायचं. लगेच खत ओतायचं नाही, घाई करायची नाही. ते चुना घेऊन जायचे आणि पोंगा, म्हणजे नवं गुंडाळलेलं पान, जिथे खोडातून बाहेर येतो तिथे एक बारीक रेघ ओढायचे, अर्धी खोडावर, अर्धी पोंग्यावर. चार दिवसांनी जाऊन बघायचं. पोंग्यावरची रेघ वर सरकली असेल तर झाड आत जिवंत आहे. पन्नास-साठ झाडांवर अशा रेघा असायच्या आणि सकाळी ते वाकून वाकून एकेक बघत जायचे. मी मागे मागे. ‘‘सरकली का?’’ ‘‘थांब जरा.’’ वर्गातली मुलगी रेषा कुठे आहे विचारते तेव्हा मला फिर्खो आठवायला हवा. आठवते ती चुन्याची रेघ.

पेशी मरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक धडपडीची. पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूच्यांना आच लागते, सूज येते, लाली येते. दुसरी तऱ्हा गुपचूप. पेशी स्वतःच आवरतं घेते, आक्रसते, आपले बारीक बारीक पुडे बांधते आणि शेजारच्या पेशी ते उचलून नेतात. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती अशीच, मधल्या पेशी मुकाट निघून गेल्यानं, नाहीतर सगळ्यांचे तळवे बदकासारखे असते. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या दुसऱ्या मरणाला नाव दिलं, अ‍ॅपॉप्टोसिस. ग्रीक शब्द, अर्थ गळून पडणं, झाडावरून पान गळतं तसं. ॲबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकानं सुचवलेला. मला हे नाव फार आवडतं, आणि शिकवताना फाल्गुनातला आमच्या अंगणातला लिंब डोळ्यांपुढे येतो, रात्रभर पानं पडताहेत आणि सकाळी मायचा खराटा चालू आहे. पण एकदा हे सांगत असताना जाणवलं की आमच्या मुख्य पिकाला ही उपमा लागूच पडत नाही. केळीचं पान गळत नाही. ते वाळतं, तपकिरी होतं आणि खोडाला तसंच लोंबत राहतं, वाऱ्यात सळसळत, महिनोन्महिने. आप्पा विळ्यानं कापत तेव्हा कुठे सुटायचं. केळीच्या देशात राहणाऱ्यांनी नाव ठेवलं असतं तर कदाचित वेगळं ठेवलं असतं. गळून जाण्याचं मरण आणि लोंबत राहण्याचं मरण, असं काहीतरी.

दिवाळीला गेले तेव्हा वहिनीला हात दाखवायला लावला. तिनं बांगड्या वर सारल्या. वालाच्या शेंगेएवढा वण, मध्ये पांढुरका, तुळतुळीत, कडेला काळसर. मी तो निरखत बसले. यातला विस्तवाचा केवढा आणि माझा केवढा? मधलं हे पांढरं खापरानंच केलं असणार. पण कडेची ही बोटभर पट्टी, ती आपण होऊन परत आली असती का? की तिला बर्फानं ढकललं? की अकरा मांडे करताना लागलेल्या धगीनं, की तिसऱ्या दिवशीच्या भांड्यांच्या पाण्यानं? वणात सगळं एकच होऊन गेलेलं असतं, उलगडून दाखवणारा सूक्ष्मदर्शक मला तरी माहीत नाही. मी वहिनीला कड्यांचं सगळं सांगितलं, मधल्या कड्याचंही. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि एकीकडे चकल्या पाडत होती. मग म्हणाली, ‘‘ताई, तू तेवढा मनले लावी लेस.’’ आणि मला थोडा रागही आला, खरं सांगते. माफी मागायला आलेल्या माणसाला इतक्या सहज सोडू नये.

यंदाच्या आखाजीला मी चुलीजवळ बसले, मुद्दाम. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती, झाकून. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही; मायनं एवढंच सांगितलं की उरलं तर संध्याकाळी तुळशीला घाल. वहिनीनं पहिला उंडा हातावर घेतला. तुराट्या कडकड वाजत होत्या, ऊन पत्र्यावर आदळत होतं, आणि मांडा तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पुढे येऊ लागला. थोड्या वेळात तिचे हात घामानं चमकायला लागले. खांद्यापासून बोटांपर्यंत बारीक बारीक थेंब, मोत्याचं काम केल्यासारखे. फक्त डाव्या हातावर मनगटाच्या वर एक लांबट जागा कोरडी होती. तिथे घामाच्या ग्रंथी उरलेल्या नाहीत, त्या परत येत नाहीत. मी बघतेय हे तिनं बघितलं.

‘‘याले आते घामच येत नही,’’ ती म्हणाली. ‘‘मांडा तठे चिकटत नही, बरं पडस.’’ आणि गिरकी घेऊन तो खापरावर टाकला.